सफरचा अमीर कोण?

मेच्या सुट्टीत गाडीने लडाखला जायचं घाटतंय आणि घरात रोज नकाशावरून वाद होतो. भाच्याचं म्हणणं, मनालीहून सकाळी निघायचं, रात्री सरचूच्या तंबूत झोपायचं, दुसऱ्या दिवशी लेह. अंतर साडेचारशे किलोमीटरच्या आत. पुणे-नागपूर याहून लांब आहे, मामू!

हा हिशेब किलोमीटरचा नाहीच. मनाली साधारण 2,000 मीटरवर, सरचू 4,200च्या वर. एका दिवसात एवढं चढून तिथेच झोपलं तर डोकं ठणकतं, उलट्या होतात. कुणाच्या फुफ्फुसात पाणी झालं तर ताबडतोब खाली उतरवावं लागतं, आणि सरचूची अडचण नेमकी तिथेच आहे. मागे वळा, बारालाचा ला आडवी येते. पुढे जा, नकी ला आणि लाचुंग ला. उतरण्यासाठी आधी आणखी चढायचं! बाहेरचं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, ते वेगळंच.

म्हणून मी श्रीनगर, झोजिला, कारगिल या वाटेचा आग्रह धरलाय. झोजिला साडेतीन हजार मीटरची, पण पलीकडे कारगिल पुन्हा 2,700च्या आसपास. रात्र तिथे काढायची. लेहला पोहोचल्यावर दोन दिवस नुसतं बसून राहायचं.

तिघे सफरला निघाले तर एकाला अमीर नेमावं, हे आपल्याकडे लहानपणीच शिकवतात. प्रत्यक्षात अमीर होतो तो ज्याची गाडी असते, नाहीतर ज्याचा आवाज मोठा असतो. माझ्या मते आमची अमीर आपा असावी. वय अठ्ठावन्न, बीपीची गोळी चालू, डॉक्टरांनी परवानगी दिली तरच येणार. त्रास झाला तर ती सांगेल. जवान पोरं डोकेदुखी लपवतात, आणि विरळ हवा व्यायाम केलेल्या शरीराचीही गय करत नाही.

मुसाफिराला चार रकातींच्या दोन करायची सहूलत आहे, रोजा पुढे ढकलायची आहे. आपण मात्र स्वतःला एका दिवसाची सहूलत देत नाही. का, तर हॉटेलचं बुकिंग वाया जाईल!

मी दोन दिवस कोरे ठेवलेत, त्यांचं बुकिंगच नाही. भाचा अजून कुरकुरतोय. काल विचारत होता, फोटू लावर आपा नुसती घाबरून परत फिरा म्हणाली तर? मी म्हटलं, तरी परत फिरायचं.