शुचितेचे मुखत्यारपत्र

शौचालयाच्या टाकीत क्लोरीनची वडी सोडावी आणि पुढे पाणी सोडताच भांडे आपोआप निर्मळ व्हावे, ही योजना सोयीची दिसते खरी. परंतु तिची उलटतपासणी कोणी करीत नाही. घर कुलूपबंद करून मंडळी चार दिवस जत्रेस गेली, तरी वडी विरघळतच राहते. साचल्या पाण्यात क्लोरीन तीव्र होते, टाकीतील रबरी झडप कुरतडते, आणि मग पाणी रात्रंदिवस निःशब्द झिरपू लागते. भांड्याभोवतालची फरशी मात्र मळकट ती मळकटच! त्याच भांड्यात कोणी अजाणता हायड्रोक्लोरिक आम्लाचे द्रावण ओतले, तर क्लोरीनचा विषारी वायू उठतो. आणि तो श्वासात जातो बहुधा घासणाऱ्या मोलकरणीच्या, वडी विकत आणणाऱ्या यजमानाच्या नव्हे.

वकीलपत्र दिल्याने पक्षकाराचे दायित्व संपत नाही. देवळाची पायरी चढण्यापूर्वी आवर्जून पाय धुणाऱ्या आपण मंडळींनी घरच्या शुचितेचे मुखत्यारपत्र एका वडीच्या नावे लिहून द्यावे काय? दांड्याचा ब्रश, थोडा साबण आणि पाव घटका, एवढ्यानेच हे काम होते. सुज्ञांनी ते स्वतःच्या हातांनी करावे. त्यात कमीपणा कसला?