पडद्यावर काय ठेवावे, काय काढावे

आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी एक दुःश्रुती, म्हणजे मन कलुषित करणारे ऐकणे. ज्या काळी ऐकण्याची साधने मोजकीच होती, त्या काळी हा विचार झाला. आज प्रत्येकाच्या खिशात दिवसाचे चोवीस तास बोलणारे यंत्र आहे, तेव्हा या व्रताची गरज कमी नव्हे, वाढलीच आहे. मात्र केवळ ‘मोबाईल ठेवा’ असे मुलांना बजावून भागत नाही. वाईट काढायचे तर त्या जागी चांगले ठेवावे लागते.

बाजारपेठेतील एका किराणा व्यापाऱ्याच्या घरची हकिकत या दृष्टीने बोलकी आहे. घरातील माईंचा चाळीस वर्षांचा स्वाध्याय दृष्टी अधू झाल्यामुळे थांबला होता. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, पण दृष्टिपटलच क्षीण झाल्याने बारीक अक्षर दिसेना. त्यांनी तक्रार केली नाही. ग्रंथ कापडात बांधून कपाटात ठेवला, इतकेच. पर्युषणात नातवाच्या ते ध्यानात आले. त्याने ‘जैन ई-लायब्ररी’ या संकेतस्थळावरून तोच ग्रंथ टॅबलेटवर उतरवून घेतला आणि बोटांनी अक्षर मोठे करीत विचारले, “माई, एवढं केलं तर दिसतं का गं?” माईंनी एक ओळ वाचली, मग दुसरी. त्या दिवशी त्या अर्धे पान वाचून थांबल्या, पण खंडित झालेला नेम पुन्हा सुरू झाला.

अमेरिकेतील जैन संघांच्या महासंघाच्या, म्हणजे ‘जैना’च्या, शिक्षण समितीने हे ग्रंथालय उभे केले. प्राकृत, संस्कृत, हिंदी, गुजराती, इंग्रजी अशा अनेक भाषांतील ग्रंथ तेथे विनामूल्य मिळतात. डॉ. हीरालाल जैन यांनी संपादिलेली षट्खंडागमाची धवला टीका सोळा खंडांची आहे. एवढे खंड घरी ठेवणे सर्वांना शक्य नसते. ते पडद्यावर उघडता यावेत, ही लहान गोष्ट नाही. मराठीतून संदर्भ हवा असेल तर तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली आकाराला आलेला मराठी विश्वकोशही महाजालावर मोफत आहे. शाळकरी मुलाच्या प्रश्नाचे उत्तर शोधताना प्रथम तिकडे वळण्याची सवय लावावी.

ऐकण्यासाठी आकाशवाणीचे ‘न्यूज ऑन एआयआर’ हे ॲप सर्वप्रथम घ्यावे. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सुरू झालेली विविध भारती, मुंबईची अस्मिता वाहिनी आणि मराठी प्रादेशिक बातम्या त्यावर ऐकता येतात. २६ जानेवारी २०१६ पासून सुरू असलेली ‘रागम्’ ही वाहिनी तर अहोरात्र शास्त्रीय संगीतालाच वाहिलेली आहे. सूर्यास्तापूर्वीच्या स्वयंपाकाची घाई असो वा दुकानातील माल लावणे असो, हात कामात असताना कान मोकळे असतात. डोळ्यांना न गुंतवणारे माध्यम म्हणून रेडिओचे मोल आजही उणावलेले नाही.

घरखर्चाच्या किंवा मंदिराच्या उत्सव समितीच्या हिशेबासाठी ‘ग्नूकॅश’ ही मोफत संगणक प्रणाली उपयुक्त आहे. तिचा पाया द्विनोंदी पद्धतीचा असल्याने ज्याला रोजमेळ आणि खतावणी कळते, त्याला ती परकी वाटत नाही. जमाखर्च न जुळल्यास चूक चटकन नजरेस येते. कंपनी म्हणून नोंदलेल्या व्यवसायाने मात्र तिच्यावर विसंबू नये. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेब प्रणालीत प्रत्येक फेरबदलाची नोंद राहणे बंधनकारक आहे. त्यासाठी लेखापरीक्षकांचा सल्ला घ्यावा.

आता काढण्याविषयी. माईंच्या त्याच टॅबलेटवर धाकट्या नातीने एक खेळ घेतला होता. पहिला महिना फुकट. पुढे दरमहा २९९ रुपये आपोआप जात राहिले. अकरा महिन्यांत ३,२८९ रुपये गेले. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अशा आवर्ती वसुलीपूर्वी किमान चोवीस तास आधी सूचना द्यावी लागते. ती दर महिन्याला येतही होती, परंतु दुकानाच्या क्रमांकावर, जेथील संदेश कोणी वाचत नव्हते. खेळ तर केव्हाच काढून टाकला होता. ॲप काढले म्हणजे वर्गणी थांबते, हा समज चुकीचा आहे. वर्गणी स्वतंत्रपणे रद्द करावी लागते, तसेच यूपीआय ॲपमधील ‘ऑटोपे’ची यादी तपासून नको असलेला आदेश बंद करावा लागतो. अनोळखी संदेशातून आलेले ॲप तर उघडूच नये. फसवणूक झालीच तर विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे आणि बँकेलाही सांगावे.

दिवाळीला वही बदलताना व्यापारी जुनी येणी-देणी तपासतो. तसेच दर चातुर्मासात घरातील सर्वांनी एकत्र बसून प्रत्येक पडद्याची झडती घ्यावी. कोणते ॲप उपयोगाचे, कोणते केवळ वेळ खाणारे, कोणासाठी पैसे जातात, हे लिहून काढावे आणि भोगोपभोग-परिमाण व्रताप्रमाणे संख्येची मर्यादा ठरवावी. ती मर्यादा थोरांनी आधी पाळावी, म्हणजे लहानांना सांगावे लागत नाही.

त्या घरी हा नियम आता लागू झाला आहे. टॅबलेटवर मोजकीच ॲप उरली आहेत, आणि सकाळी पहिला तास तो माईंचा असतो.

जय जिनेंद्र.