सोडलेल्या खेळाकडे पुन्हा वळावे काय?

गेल्या महिन्यात आमच्या शेजारचा एक मुलगा माझ्याकडे आला. लहानपणी मी त्याला गणित शिकविले आहे. येथील रिवाजाप्रमाणे वर्गात तो मला माझ्या नावाने हाक मारी; घरी मात्र मी त्याची मावशी. सैनिकी सेवा पुरी करून तो नुकताच परतला आहे. चहाचा पेला हातात घेऊन बराच वेळ तो गप्प बसला आणि मग म्हणाला, “मावशी, मी खेळात परत जाऊ काय?”

त्याची आई दोनच दिवसांपूर्वी येऊन गेली होती. “तुम्ही त्याला समजवा, तुमचे तो ऐकेल,” असे तिने मला बजावले होते. माझे उत्तर तयार होते. परंतु ते मी त्याला दिले नाही. का दिले नाही, हे वाचकांपुढे मांडावे असे वाटते. कारण हा प्रश्न त्या एकाच घरातला नाही.

खेळाचे नाव ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’. २००४ सालच्या नोव्हेंबरात तो सुरू झाला आणि २०१० साली त्याचे वर्गणीदार एक कोटी वीस लाखांवर गेले. ज्या वडीलधाऱ्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगते, की कॅरमचा डाव संपला की पट भिंतीशी उभा करून ठेवता येतो. हा पट कधी उचलला जात नाही. आपण संगणक बंद केला तरी त्या जगातील व्यवहार चालूच राहतात. खेळाडू आपापली मंडळे स्थापन करतात. त्यांना गिल्ड म्हणतात. मोठ्या शत्रूवर चढाई करावयाची तर कधी कधी वीस जणांनी एकाच वेळी हजर असावे लागते. कोणी पुढे होऊन घाव झेलतो, कोणी हल्ला करतो, कोणी जखमींना बरे करतो. आमचा मुलगा बरे करणाऱ्यांपैकी होता. त्याचे मंडळ युरोपातले. त्यांचे आठ वाजले की आपले नऊ वाजतात, आणि चढाई संपेपर्यंत मध्यरात्र होते. बुधवार आणि रविवार हे त्यांचे ठरलेले वार. युरोपात रविवार सुट्टीचा, आपल्याकडे कामाचा! शिवाय दर बुधवारी त्या खेळातील आठवड्याची बक्षिसे नव्याने मांडली जातात. गेल्या आठवड्याचे जे राहिले ते राहिलेच. अशा रचनेत गैरहजेरी मनाला टोचल्यावाचून राहत नाही.

तेव्हा आईची भीती निराधार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगसूचीत खेळाच्या अशा विकाराची नोंद झाली असून ती सूची १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली आहे. खेळावर ताबा न राहणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळ मोठा होणे, आणि नुकसान दिसत असूनही तो वाढतच जाणे, ही त्याची लक्षणे होत. “मी तीन वर्षे खेळलो नाही, म्हणजे मला व्यसन नाही,” असे मुलगा म्हणाला. मी त्याला म्हटले, “बाळा, ती तीन वर्षे तुझ्या हातची नव्हती. परीक्षा आता आहे.”

मग परत जाण्याची त्याची कारणे आम्ही एकेक तपासली. पहिले कारण असे, की इतकी वर्षे घालून मिळविलेली पायरी आणि शस्त्रे वाया जातील. हे कारण मला मुळीच पटले नाही. २०२० साली खेळाच्या चालकांनीच एकशेवीसाव्या पायरीवरच्या सर्वांना पन्नासावर आणून ठेवले. नवा भाग निघाला की जुन्या शस्त्रांची किंमत उरत नाही, आणि २०१४ पासून वरच्या पायरीवरचे तयार पात्र पैसे मोजून घेता येते. जी कमाई दुसऱ्याच्या एका निर्णयाने पुसली जाते, तिच्या रक्षणासाठी आपल्या रात्री खर्च करणे शहाणपणाचे नव्हे.

दुसरे कारण आठवणीचे. हे अधिक खोल आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये त्या खेळाचे जुने रूप पुन्हा खुले करण्यात आले. तेच डोंगर, तेच रस्ते. परंतु त्यावरून चालणारे पंधरा वर्षांनी मोठे झालेले! आपल्यापैकी जे अनेक वर्षांनी कोकणातल्या आपल्या गावी जाऊन आले आहेत त्यांना हा अनुभव समजावून सांगावा लागणार नाही. विहीर असते, वाट असते. आपल्याला नावाने हाक मारणारे मात्र उरलेले नसतात. केवळ आठवणीसाठी जावयाचे असेल तर एकदा जाऊन यावे, पण तेथे बिऱ्हाड करू नये.

तिसरे कारण माणसांचे. येथे मात्र माझे तयार उत्तर लटके पडले. नॉर्वेचा मात्स स्टीन हा तरुण स्नायूंच्या आजाराने २०१४ साली पंचविसाव्या वर्षी वारला. आपल्या मुलाचे आयुष्य एकाकी गेले, अशी आईवडिलांची समजूत होती. वडिलांनी निधनाची वार्ता संगणकावरून प्रसिद्ध करताच निरनिराळ्या देशांतून पत्रे येऊ लागली. हाच खेळ त्याच्याबरोबर खेळणारे काही सोबती अंत्यविधीलाही आले. त्याच्यावरील बोलपट २०२४ साली प्रदर्शित झाला. ज्या खोलीला घरच्यांनी एकांतवास मानले होते, तेथे त्याचा मोठा गोतावळा होता.

म्हणून “किती तास?” हा प्रश्न बाजूला ठेवून मी मुलाला विचारले, “तेथे तुझी वाट कोण पाहते?” तो म्हणाला, “वीसजणांपैकी सातजण उरले आहेत. त्यांतील एक डेन्मार्कची परिचारिका आहे. मी सेवेत असताना ती दर महिन्याला एक ओळ पाठवीत असे, ‘ठीक आहेस ना?’”

हे ऐकून मी मनातून वरमले. तो माझ्या शेजारचा मुलगा. त्या तीन वर्षांत मी त्याला हे कितीदा विचारले?

माझे मत आता असे आहे. वाट पाहणारे कोणी असेल तर जावे. केवळ पायरी वाट पाहत असेल तर जाऊ नये. जावयाचे तर अटी आधी ठरवाव्यात. वर्गणी एकाच महिन्याची भरावी. रात्र एकच, बुधवारची. आणि ते मंडळाला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावे. विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेचा अभ्यास सकाळी व्हावा. शब्बाथच्या रात्री घरच्या मेजावरची त्याची जागा रिकामी नसावी. महिना संपल्यावर हिशेब करावा: एक रात्र चुकली म्हणून चिडचिड झाली काय? वेळेबद्दल आईशी खोटे बोलावे लागले काय? यांपैकी एकाचेही उत्तर होकारार्थी आले तर थांबावे. खुद्द त्या खेळातही सराईत विसावलेल्या पात्राला पुढे काही काळ शत्रू मारल्याचा अनुभव दुप्पट मिळतो. मग खेळणाऱ्याने विसाव्याला का भ्यावे?

आईवडिलांनाही एक विनंती आहे. मुलाच्या खोलीचे दार बंद दिसले की आपण बाहेरून रागावतो. एकदा तासभर त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसावे आणि त्याच्या सोबत्यांची नावे विचारावीत. सोबत्यांची नावे ठाऊक असलेल्या आईने “आता पुरे” म्हटले, तर मुलगा ते अधिक ऐकतो, असा माझा वर्गातला अनुभव आहे.

मुलाने अद्याप निर्णय घेतलेला नाही. तो त्याचाच आहे, आणि त्याच्याकडेच राहू द्यावा. वाचकांपैकी कोणाचे मत निराळे असल्यास त्यांनी ते अवश्य कळवावे.