स्पर्धा, सराव आणि आपली मुले



निकालाचे दिवस आले की आमच्या हुपरीत घरोघरी एकच बोलणे ऐकू येते. अमक्याच्या पोराला एवढे टक्के पडले, तुला एवढेच कसे? पैंजणाला घुंगरू जोडता जोडता आई बोलते आणि पोर मान खाली घालून ऐकते. स्पर्धा म्हणजे शेजारच्याला हरवणे, एवढेच आपण मुलांना शिकवतो. म्हणून आज आपल्याच जिल्ह्यातील एका खेळाडूविषयी थोडे लिहावेसे वाटते.

राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन नेमबाजीत कांस्यपदक मिळवले. १९५२ साली हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्य मिळवले होते, त्यानंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या वाट्याला वैयक्तिक पदक आले. या खेळात गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून नेम धरायचा असतो. लक्ष्य ५० मीटरवर आणि त्यातले दहा गुणांचे वर्तुळ जेमतेम साडेदहा मिलिमीटरचे, म्हणजे एखाद्या घुंगराएवढे! गुडघ्यावरच्या नेमानंतर स्वप्निल मागे होता. उभ्याने नेम धरताना तो एकेक पायरी वर चढला. आपण गुणफलकाकडे पाहिले नाही, फक्त श्वासाकडे लक्ष ठेवले, असे त्याने नंतर सांगितले. विपश्यनेला बसणाऱ्या आपल्या उपासक-उपासिकांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

त्याच्या आदल्या वर्षीच हांगचौच्या आशियाई स्पर्धेत हा मुलगा अंतिम फेरीत आघाडीवर होता. शेवटी शेवटी एक गोळी भरकटली आणि तो चौथा आला. सांघिक सुवर्णपदक मिळाले, पण वैयक्तिक पदक हातचे गेले. त्यानंतर त्याने काही जगावेगळे केले नाही, रोजचाच सराव केला.

सराव म्हणजे रक्त ओकेपर्यंत राबणे नव्हे. सोण नावाचा भिक्खू चंक्रमण करता करता पाय रक्तबंबाळ करून घेई. तथागतांनी त्याला विचारले, तू घरी असताना वीणा वाजवायचास, तारा फार ताणल्या तर सूर लागायचा का? नाही. सैल सोडल्या तर? तरीही नाही. अष्टांगिक मार्गात सम्यक व्यायाम सांगितला आहे, त्यातले 'सम्यक' आपण विसरतो आणि पोराला पहाटे चारला उठवून रात्री बारापर्यंत पुस्तकाशी बांधतो.

पण "मेहनत केली की यश मिळतेच" हे सांगणारे अर्धेच सांगतात. पळवणकर बाळू यांच्याइतकी मेहनत कोणी केली असेल? चर्मकार समाजातले बाळू पुण्यात गोऱ्यांच्या क्लबमध्ये खेळपट्टी राखायचे आणि साहेबांना सरावासाठी तासन्‌तास गोलंदाजी करायचे. फलंदाजी मात्र साहेबांची. पुढे हिंदूंच्या संघात आले, तरी पुण्यात त्यांना चहा बाहेर, मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही, ते १९२३ साली धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळाले. (१९३७ च्या निवडणुकीत बाळू काँग्रेसतर्फे बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि पडले हे आम्ही विसरलेलो नाही. म्हणून त्यांच्या हातची कला खोटी ठरत नाही.)

स्वप्निलचेही तसेच. वडील शिक्षक. त्यांनी २००९ साली मुलाला शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत घातले. वर्षभर शरीर कमावल्यावर एक खेळ निवडायचा होता, त्याने नेमबाजी निवडली. पुढे काडतुसांसाठी वडिलांनी कर्ज काढले. २०१५ साली रेल्वेत तिकीट तपासनिसाची नोकरी लागली तेव्हा कुठे घराला हातभार लागला. प्रबोधिनीचे दार नसते तर नुसत्या सरावाने काय झाले असते?

आपल्याकडे याच वयाची मुले शाळेतून आली की चांदीच्या कामाला बसतात. मजुरीचे चार पैसे घरात येतात, ते नाकारायचे कसे, हे आम्हाला कळते. पण ज्या मुलीला पळायची आवड आहे तिला तासभर मैदानावर सोडता येईल. आणि क्रीडा प्रबोधिनीच्या चाचण्या कधी असतात, हे कोल्हापूरला जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कचेरीत विचारायला पैसे पडत नाहीत.