थोपवणे आणि थांबवणे

‘स्टेम द टाइड’ या इंग्रजी वाक्प्रचाराचा अर्थ मराठीत सर्रास ‘थांबवणे’ असा केला जातो, आणि तो चुकतो. त्यातल्या ‘स्टेम’चा झाडाच्या खोडाशी संबंध नाही. जुन्या नॉर्स भाषेतल्या ‘स्टेम्मा’वरून आलेले हे क्रियापद, अर्थ पाणी अडवणे, बांध घालणे. (गलबताच्या नाळेवरून आलेला, प्रवाहावर चाल करून जाण्याचा आणखी एक ‘स्टेम’ इंग्रजीत आहे. ‘टाइड’, म्हणजे भरती, त्याच वाटेने इथे शिरली असावी.) येणारा लोंढा धरून ठेवणे एवढेच हा वाक्प्रचार सांगतो. लोंढा संपला, असे तो म्हणत नाही. मराठीत त्याला ‘थोपवणे’ हा नेमका शब्द आहे.

पानशेतला १९६१ साली हा फरक डोळ्यांसमोर घडला. आंबी नदीवरचे हे मातीचे धरण त्या पावसाळ्यात पुरते झालेले नव्हते. पाणी सोडायच्या मोरीच्या दारांचे काम अपुरे होते, तरी तलाव भरत गेला. मोरीवरचा भराव खचू लागला, माथा खाली बसत पाण्याच्या जवळ आला. लष्कराच्या जवानांनी तिथे वाळूच्या पोत्यांची भिंत रचली. थर चढवावा आणि भराव आणखी बसावा, अशी ती रात्र गेली. १२ जुलैच्या सकाळी धरण फुटले, मागोमाग खालचे खडकवासला फुटले आणि पाणी पुण्याच्या पेठांत शिरले, मात्र दिवसाउजेडी. पाणी थांबले नव्हते. काही तास थोपवले गेले होते, आणि त्या तासांचे मोल नदीकाठच्या माणसांना कळले.

मराठीतले बाकीचे शब्द वेगळ्या कामाचे. ‘आळा’ वाईटालाच बसतो: चोऱ्यांना, भेसळीला. ‘खीळ’ चाललेल्या चांगल्या कामाला बसते, म्हणून ‘गुन्हेगारीला खीळ’ ही बातमीतली ओळ कानाला खटकते. गुन्हेगारी बंद पडल्याचे जणू वाईट वाटते. ‘पायबंद’ घोड्याच्या पायातला. बेफाम झालेल्याला तो शोभतो. ‘मोडता घालणे’ यात तर अडवणाऱ्याचा खोडसाळपणाच दिसतो.

थोपवायला मात्र समोर सतत येत राहणारे काही लागते: पाणी, शत्रूची फौज, स्थलांतराचा ओघ, रुपयाची घसरण. ठरलेली सभा थोपवली जात नाही, ती रद्द होते. ठरलेले लग्न मोडते.