आरोपी आणला कसा, हे न्यायासनाने विचारावे काय?

8 जुलै 1910 रोजी मार्सेय बंदरात ‘मोरिया’ बोटीच्या गवाक्षातून उडी घेऊन विनायक दामोदर सावरकर धक्क्यावर पोहोचले आणि फ्रेंच भूमीवरील एका शिपायानेच त्यांना धरून, कोणा दंडाधिकाऱ्यापुढे उभे न करता, परस्पर इंग्रजांच्या पहाऱ्यात परत दिले, हा वृत्तान्त महाराष्ट्रात शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. त्या उडीतून उद्भवलेल्या कायद्याच्या प्रश्नाची आठवण मात्र क्वचितच कोणी काढतो.

मुंबईच्या खास न्यायासनाने, आरोपी समोर हजर आहे तेव्हा तो कसा आणला गेला याने आपला अधिकार बाधित होत नाही, असे ठरवून डिसेंबर 1910 मध्ये जन्मठेप काळ्या पाण्याची सजा फर्मावलीही. याच सुपूर्दगीवरून फ्रान्स व इंग्लंड यांच्यात उभ्या राहिलेल्या वादावर हेगच्या लवादाचा निवाडा त्यानंतर, 24 फेब्रुवारी 1911 रोजी आला. सुपूर्दगीत अनियमितता झाली खरी, परंतु तेवढ्यावरून कैदी परत करण्याचे बंधन इंग्लंडवर येत नाही, असा त्याचा आशय होता. पाच पंचांत एक इंग्रज होता, एक फ्रेंच होता. तक्रार मात्र दोन सरकारांची होती, आणि ज्याच्या देहावरून ती चालली तो त्या दाव्यात पक्षकारही नव्हता.

अटकेच्या पंचनाम्यात फौजदाराने एखादी नोंद गाळली म्हणून खुनाचा खटलाच बुडावा, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. तेथे आरोपीची कोठडीतून मुक्तता, नुकसानभरपाई आणि कसूरदार अंमलदाराची चौकशी एवढे उपाय पुरेसे आहेत. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 2023 साली पंकज बन्सल प्रकरणात अटकेची कारणे लेखी न दिल्यामुळे अटक रद्द केली, तिचा परिणामही आरोपीच्या सुटकेपुरताच होता. परंतु प्रत्यार्पणाचा राजमार्ग मोकळा असताना सरकारच जाणूनबुजून आडवाटेने माणूस उचलून आणते, तेव्हा त्या कृत्याचे फळ न्यायासनाच्याच पदरात पडते, आणि ‘आणला कसा हे आम्ही पाहत नाही’ हे उत्तर तेथे तटस्थतेचे राहत नाही.

इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने 1993 साली बेनेट प्रकरणात हा भेद मान्य केला: दक्षिण आफ्रिकेतून प्रत्यार्पणाची प्रक्रिया टाळून, पोलिसांच्या संगनमताने आरोपी आणला गेला असेल, तर खटला चालविण्याचा अधिकार असूनही न्यायालय तो चालविण्याचे नाकारू शकते. मुंबईच्या न्यायाधीशांपुढे हा मार्ग नव्हता असे म्हणावे, तर 1829 च्या ज्या इंग्रजी दाखल्याच्या परंपरेवर ती भूमिका उभी होती, तो एका खासगी फिर्यादीतील होता. सरकारने स्वतः चालविलेल्या राजकीय खटल्यास तो जसाच्या तसा लावणे, मला तरी, सोयीचे वाटते, न्याय्य नव्हे.