बॅटरी बदला, सुखी व्हा?

"सकाळी गाडी सेल्फ घेत नाही" असं कुणी म्हणायचा अवकाश, आपल्याकडे निदान तयार असतं: बॅटरी गेली! बोनेट उघडायच्याही आधी. नव्या गाड्यांचं एक वेळ ठीक आहे, तीन-चार वर्षांनी तिथे बॅटरी बहुतेकदा खरंच गेलेली असते. पण जुन्या फियाट आणि पद्मिनीवाल्यांना हेच औषध वर्षानुवर्षं पाजलं जातंय आणि मंडळी ते मुकाट पितायत, याचा मला मनापासून राग येतो.

जास्त राग येतो तो आपल्या जमातीचा. ऑफिसात सर्व्हर बसला आणि कुणी न बघताच "नवीन मशीन घ्या" म्हणालं, तर आपण त्याला मीटिंगमध्ये सोलून काढू. लॉग कुठाय, आकडे कुठायत? आणि रविवारी हाच मनुष्य गॅरेजमध्ये चार-पाच हजार मोजून नवी बॅटरी घेऊन घरी येतो. विदा शून्य.

मुळात इथे दोन वेगळे आजार आहेत. सेल्फ मंद फिरणं हा एक आणि उभ्या गाडीत बॅटरी उतरणं हा दुसरा. दोन्ही एकत्र असू शकतात, पण एकाच्या औषधाने दुसरा बरा होत नाही. नव्या बॅटरीचा जोर असतो, त्यामुळे काही महिने दोन्ही झाकले जातात एवढंच. मग पुन्हा "हल्ली बॅटऱ्याच चांगल्या येत नाहीत" हे पालुपद!

माझ्या काकांची १९७१ची फियाट घ्या. चार वर्षांत तीन बॅटऱ्या. चौथी आणायच्या बेतात होते तेव्हा मी मल्टिमीटर घेऊन गेलो (पाचशे रुपयांत मिळतो हो, त्याला पदवी लागत नाही). गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, इंजिन चालू होऊ नये म्हणून कॉइलची वायर काढलेली. मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनस खुंटीवर, खुंटीच्याच शिशावर, वरच्या क्लॅंपवर नाही. दुसरी इंजिन ब्लॉकवर खरवडून चकचकीत केलेल्या जागी. काकांना म्हटलं, मारा सेल्फ. आकडा आला ०.९ व्होल्ट.

पाव व्होल्टाच्या आसपास असता तर चाललं असतं, अर्ध्याच्या वर म्हणजे नक्की गडबड. सेल्फ साधारण दीडशे अँपिअर ओढतो असं धरा. ओहमचा नियम आठवत असेल तर ०.९ व्होल्ट खायला वाटेत फक्त सहा मिलिओहम पुरतात. एवढासा गंज! इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे त्याचा बॉडीशी विजेचा संबंध एका विणलेल्या अर्थच्या पट्टीवर टिकून असतो. ती पट्टी हिरवी पडून निम्मी तुटली होती. पट्टी पार गेली की करंट दुसरी वाट शोधतो, चोकच्या केबलमधूनसुद्धा. सेल्फ मारल्यावर चोकची केबल गरम लागत असेल तर समजून जा. अशी पट्टी किती बॅटऱ्या बदलल्या की दुरुस्त होते, हे मला कुणीतरी सांगावं. तीच चाचणी प्लसच्या बाजूलाही करायची: बॅटरीच्या खुंटीपासून सेल्फच्या बोल्टापर्यंत. जाड केबल जाऊन कुणीतरी बारीक टाकलेली असली तर तिथेच सापडते.

आता दुसरा आजार. सगळं बंद करून, दारं लावून, मायनस केबल काढून मीटर मध्ये जोडला, १० अँपिअरच्या रेंजवर (अशा वेळी चुकूनही सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज जाईल). या गाडीत कॉम्प्युटर नाही, काही नाही. बंद गाडीने खरं तर जवळजवळ काहीच खायला नको. खात होती ०.३५ अँपिअर. दिवसाला ८.४ अँपिअर-तास, म्हणजे ४५ची बॅटरी साडेपाच दिवसांत रिकामी. कारण? टेपचा अँप्लिफायर, थेट बॅटरीवरून वायर ओढून बसवलेला. काका गाडी काढणार दर दुसऱ्या रविवारी! रिकामी पडून राहिली की शिसं-आम्लाची बॅटरी खरोखरच मरते, सल्फेट धरते. त्यामुळे दुकानदार तपासून "डेड आहे" म्हणतो ते खोटं नसतं. पण प्रेत सापडलं म्हणजे खुनी सापडला असं नव्हे.

अँप्लिफायर नसता तर पुढचा संशयित डायनॅमोचा कटआऊट. त्याचे पॉइंट चिकटले की बॅटरी उलटी डायनॅमोत रिकामी होते. बंद करून तासभर झालेल्या गाडीचा डायनॅमो इंजिनापेक्षा गरम लागला, तर हीच शक्यता आधी बघावी.

"टॅक्सीवाल्यांनी कुठे मीटर वापरले?" हा ठरलेला प्रतिवाद. अहो, मुंबईची पद्मिनी टॅक्सी दिवसभर पळायची, रोज चार्ज व्हायची. ऑक्टोबर २०२३मध्ये शेवटची रस्त्यावरून उतरेपर्यंत तिला तीन आठवडे सोसायटीच्या आवारात झाकून ठेवायची चैन कुणाला परवडली? आपली गाडी उभी असते आणि निघाली तरी कोपऱ्यावरच्या इडलीपर्यंत. डायनॅमो आयडलिंगला जवळपास काहीच देत नाही, त्यामुळे सिग्नलला थांबत केलेल्या अशा फेरीत सेल्फने खाल्लेलंही भरून निघत नाही.

आणि सगळं खापर मेकॅनिकवर फोडू नका. तो तासभर मीटर लावून बसला आणि शेवटी पट्टीचे दोनशे आणि तपासणीचे पाचशे म्हणाला, तर आपण काय म्हणतो? "नुसतं बघायचे पाचशे?" बॅटरीचे पाच हजार मात्र हसत देतो, कारण हातात वस्तू मिळते. कन्सल्टिंगचं बिल तासावर लावणारे आपण! त्याने बॅटरी विकू नये तर काय करावं?

काकांनी पाचशे दिले. घासाघीस करून चारशे, पण दिले. ;-)